सौम्य उत्तर आयत्या वेळी सुचत नाही: ममतेने वागण्याचा रोजचा सराव

“आज रविवार ना?”

बाबांनी सकाळपासून पाचव्यांदा विचारलं. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. वरचं एक काज चुकलं होतं, त्यामुळे सगळी बटणं काढून पुन्हा पहिल्यापासून लावायची होती, आणि मला निघायला उशीर होत होता. “बाबा, किती वेळा सांगू? बुधवार आहे आज, बुधवार!” माझा आवाज चढला. ते नुसतं “बरं, बरं” म्हणाले आणि थरथरत्या बोटांनी स्वतःच बटण लावू लागले. मला त्रास नको म्हणून.

अर्ध्या तासापूर्वीच मी गुडघे टेकून म्हटलं होतं, “प्रभू, आज मला सौम्य ठेव.” ती प्रार्थना खोटी नव्हती. पण रात्री मी जेमतेम चार तास झोपले होते, सकाळची कामं एकावर एक रचून ठेवली होती, आणि बाबांचा प्रश्न येणार हे रोजच्या अनुभवाने माहीत असूनही त्याचं उत्तर काय द्यायचं याचा विचार कधी केला नव्हता. त्या दिवसापासून मी सौम्यतेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. राग आला की सौम्यता शोधायला जावं, तर ती सापडत नाही. तिची तयारी आधी करावी लागते. फळ आत्म्याचं आहे, ते आपण बनवू शकत नाही. पण आळं करणं, पाणी घालणं, तण काढणं हे काम आपल्याकडेच आहे. पुढे जे लिहिलं आहे ते या तयारीबद्दल.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात, २२ आणि २३ या वचनांत, आत्म्याच्या फळाचे नऊ गुण दिले आहेत. त्यांत ममताही आहे आणि सौम्यताही. आपण बोलताना दोन्ही एकच धरतो, पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने वेगळे शब्द वापरले आहेत.

ममतेसाठी मूळ ग्रीकमध्ये ‘क्रेस्टोतेस’ असा शब्द आहे. याच कुळातला शब्द प्रभू येशूने स्वतःच्या जुवाबद्दल वापरला: “माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे” (मत्तय ११:३०). तिथे ‘सोयीचे’ म्हणजे खांद्याला न काचणारं. मला ही ममतेची सगळ्यात उपयोगी व्याख्या वाटते. माझ्याशी बोलून, माझ्याबरोबर काम करून, माझ्या घरात राहून समोरच्याचा खांदा सोलवटतो का? हा प्रश्न स्वतःला विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला अवघड आहे.

सौम्यतेसाठीचा शब्द ‘प्राऊतेस’. माणसाळवलेल्या, लगाम मानणाऱ्या घोड्याबद्दलही ग्रीक लोक याच कुळातला शब्द वापरत. घोड्याची ताकद तेवढीच असते, फक्त ती ताब्यात असते. म्हणून ज्याच्यात विरोध करायची हिंमतच नाही, त्याच्या गप्प बसण्याला सौम्यता म्हणता येत नाही. मोशेला शास्त्र भूतलावरच्या सर्व माणसांहून नम्र म्हणतं (गणना १२:३), आणि हाच मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला होता.

पहिली पायरी: आपली अवघड वेळ ओळखा

“मी सगळ्यांशी प्रेमाने वागेन” असा निश्चय करू नका. तो दुपारपर्यंतही टिकत नाही. त्याऐवजी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. आवाज चढला, टोचून बोललो, मुद्दाम अबोला धरला, की कागदावर चार गोष्टी लिहा: किती वाजले होते, समोर कोण होतं, त्याआधी तासभर काय चाललं होतं, आणि मला तेव्हा काय हवं होतं.

चौथी नोंद टाळू नका. माझ्या कागदावर सात दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या आठ सकाळी सात ते नऊच्या मधल्या होत्या, आणि “काय हवं होतं” याखाली जवळजवळ सगळीकडे एकच शब्द: वेळ. मी स्वतःला तापट समजत होते. कागद सांगत होता की मी घाईत असते. तापट स्वभावावर काय करावं ते मला कळत नव्हतं, घाईवर मात्र उपाय करता येत होता. मी अर्धा तास आधी उठू लागले, आणि दोन कामं रात्रीच उरकू लागले.

तुमच्या कागदावर कदाचित संध्याकाळ येईल, कदाचित एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा येईल, कदाचित पैशांचा विषय. काय येतंय ते प्रामाणिकपणे बघा आणि एका वेळी एकच अवघड वेळ सुधारायला घ्या.

दुसरी पायरी: शरीराकडे लक्ष द्या

आपण विश्वासणारे लोक ही पायरी बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो. चिडचिड झाली की लगेच आत्मिक कारण शोधतो. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. स्पर्श करून उठवतो आणि “ऊठ, हे खा” म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न पुष्कळ नंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर येतो.

याचे दोन उपयोग आहेत. एक स्वतःसाठी: झोप पुरी झालेली नसताना, पोटात काही नसताना कुठलाही कठीण विषय काढू नका. दुसरा समोरच्यासाठी: घरात कुणी चिडून आत आलं, तर पहिली दहा मिनिटं पाणी आणि खाणं, प्रश्न नंतर. याईराच्या मुलीला मेलेल्यातून उठवल्यावर प्रभूने काय सांगितलं? तिला काही खायला द्या. घरभर लोक थक्क होऊन उभे होते, आणि मुलीला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात होतं.

तिसरी पायरी: पहिलं वाक्य तयार ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडतो, म्हणून इथे जरा थांबते.

शास्ते या पुस्तकात एकाच प्रकारची तक्रार दोनदा येते. इस्राएलातल्या एफ्राइम वंशाचे लोक गिदोन या पुढाऱ्याकडे येऊन भांडतात: लढाईला आम्हाला का बोलावलं नाहीस? (शास्ते ८:१-३). गिदोन म्हणतो, तुमच्या मानाने मी काय केलंय? एफ्राइमाचा द्राक्षांचा सरवासुद्धा अबियेजराच्या, म्हणजे माझ्या कुळाच्या, हंगामापेक्षा चांगला. त्यांचा राग उतरतो. तीन वचनांत विषय संपतो. पुढे १२व्या अध्यायात तेच एफ्राइमी तीच तक्रार घेऊन इफ्ताह या दुसऱ्या पुढाऱ्याकडे जातात. त्यांची भाषा या वेळी जास्त जहाल होती हे खरं, घर जाळून टाकण्याची धमकी होती. पण इफ्ताह आपली बाजू कशी खरी आहे ते ऐकवतो आणि माणसं जमवून लढाईला उभा राहतो. एफ्राइमाचे ४२,००० लोक मारले गेले. इफ्ताहाचं म्हणणं चुकीचं होतं असं शास्त्र म्हणत नाही. बरोबर असणं पुरेसं पडलं नाही, एवढंच.

नीतिसूत्रे १५:१ आपल्याला पाठ असतं, “मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते.” पण मृदू उत्तर म्हणजे नेमके कोणते शब्द, हे आपण ठरवलेलं नसतं. ठरवा. कागदावर लिहा. मी लिहिलेली काही वाक्यं:

“मला जरा विचार करू द्या, मग सांगते.”
“तुम्हाला वाईट वाटलंय हे दिसतंय. काय झालं ते सांगा.”
“मी आत्ता चिडले आहे. अर्ध्या तासाने बोलू, नक्की बोलू.”
“यात माझी चूक आहे का, ते बघते.”

तिसऱ्या वाक्यातलं “नक्की बोलू” गाळू नका. ते गाळलं की उरतो तो अबोला, आणि अबोल्याने माणूस आवाजाइतकाच दुखावतो. आणि अर्ध्या तासाने खरंच बोला. इफिसकरांस पत्रात, संतप्त असताना सूर्य मावळू नये असं म्हटलं आहे, ते याचसाठी.

ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. हे नाटकी वाटेल. पण रागाच्या वेळी जिभेवर तेच येतं जे तिच्या सवयीचं असतं, आणि कठोर वाक्यांचा सराव आपण नकळत वर्षानुवर्षं केलेला असतो.

त्याबरोबर एक लहान प्रार्थना जोडा. स्तोत्र १४१ मध्ये दावीद देवाला आपल्या मुखावर पहारा ठेवायला सांगतो. तेवढंच म्हणा: “प्रभू, पहारा ठेव.” एका श्वासात होतं. फोन उचलण्याआधी, दाराची कडी काढण्याआधी, शिक्षकांनी वर्गात पाऊल टाकण्याआधी.

चौथी पायरी: प्रश्नामागचा प्रश्न विचारा

बाबांना मी महिनोन्‌महिने वार सांगत राहिले. एक दिवस सुचलं आणि उलट विचारलं, “बाबा, रविवारी काय आहे?” ते लगेच म्हणाले, “उपासनेला उशीर व्हायला नको. मागच्या बाकावर बसावं लागतं.” त्यांना वार नको होता. मंडळीत वेळेवर पोचायचं होतं, आपली जागा हवी होती. विसरत चाललेल्या मनाने ती एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती आणि मी त्यावरच ओरडत होते.

याकोब १:१९ मध्ये प्रत्येकाने ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं असं म्हटलं आहे. आपण बहुतेक वेळा उत्तर देण्यापुरतं ऐकतो. ममता आणखी एक प्रश्न विचारते. मूल “शाळेत जायचं नाही” म्हणतं, नवरा “तुला काय करायचंय?” म्हणतो, मंडळीतली एखादी बाई प्रत्येक सभेत कुरकुर करते. प्रत्येकाच्या मागे काहीतरी असतं. दर वेळी कळेल असं नाही. विचारलं, हेच पुष्कळदा पुरतं.

पाचवी पायरी: रोज एक ठरवून केलेलं ममतेचं काम

कलस्सैकरांस पत्र ३:१२ मध्ये ममता, सौम्यता, लीनता धारण करायला सांगितलं आहे. अंगावर वस्त्र चढवतो तसं. वस्त्र आपोआप अंगावर येत नाही. म्हणून सकाळी एक नाव घ्या आणि त्या माणसासाठी एक काम ठरवा. काम लहान असावं, दहा मिनिटांत होणारं, आणि त्याला खरंच उपयोगी पडणारं. आजारी माणसाला “काही लागलं तर सांगा” म्हणू नका. त्याला सांगायला संकोच वाटतो. “गुरुवारी औषधं आणून देऊ का?” असं विचारा.

आठवड्यातून एकदा तरी हे काम अशा माणसासाठी करा जो परत काही देऊ शकणार नाही किंवा ज्याचं आपलं जमत नाही. लूक ६:३५ प्रमाणे परात्पर देव कृतघ्न आणि दुष्ट यांच्याशीही असाच वागतो. आणि ते कुणाला सांगू नका. मंडळीत साक्ष द्यायची ओढ होते, पण ज्याला मदत झाली त्याची लाज झाकणं हाही ममतेचाच भाग आहे.

घरच्यांना या यादीतून वगळू नका. बाहेरच्यांशी गोड बोलून दमलेले आपण घरी उरलंसुरलं देतो. पहिला आठवडा फक्त घरातल्यांसाठी ठेवला तर उत्तम.

चूक दाखवायची असते तेव्हा

सौम्य माणूस चूक दाखवत नाही असा एक समज आहे. गलती ६:१ तर उलट सांगतं: कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडे लक्ष ठेवा. म्हणजे बोलायचं आहेच, कसं ते शिकायचं आहे.

वेळ निवडा. अबीगईल ४०० माणसं घेऊन चालून येणाऱ्या दावीदाला वाटेत गाठते, त्याचा राग शांत करते आणि घरी येते, तर तिचा नवरा नाबाल दारूच्या नशेत आहे. ती सकाळ होईपर्यंत त्याला एक शब्दही सांगत नाही (१ शमुवेल २५:३६). नशेत, रागात, चारचौघांत, जेवायच्या ताटावर चूक काढू नये.

शब्द असे निवडा की त्याला स्वतःला दिसावं. दावीद राजाला त्याचं पाप दाखवताना संदेष्टा नाथानाने आधी एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. आरोप शेवटी आला, आणि तो स्पष्ट होता: “तूच तो मनुष्य.” सौम्यतेने सत्याला बोथट केलं नाही. “तू नेहमी”, “तू कधीच” हे शब्द मात्र काढून टाका. एका प्रसंगाबद्दल बोला.

आणि अधिकार असला तरी विनंती करून बघा. पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघं २५ वचनांचं आहे. त्यात तो म्हणतो की मला तुला आज्ञा करता आली असती, पण प्रीतीस्तव विनंती करतो. शिवाय फिलेमोनाचा दास अनेसिम याचं जे काही देणं असेल ते माझ्या हिशेबी मांड, असंही तो लिहितो. दुसऱ्याला उदार व्हायला सांगताना त्याने स्वतःचा खिसा पुढे केला. आईवडील, पाळक, शिक्षक, वरिष्ठ यांनी हे पत्र वर्षातून एकदा तरी एका बैठकीत वाचावं.

सौम्यता म्हणजे मार खात राहणं नव्हे

हे ठळकपणे लिहिते, कारण “सौम्य राहा, सोसा” असं सांगून अनेकांना, विशेषतः बायकांना, धोक्यात परत पाठवलं जातं. त्याने देवाच्या नावाचा गैरवापर होतो.

महायाजकापुढे प्रभूला चपराक मारली गेली तेव्हा त्याने उलट मारलं नाही, पण गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२३). शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला (१ शमुवेल १९:१०). नंतर गुहेत शौल हाती लागला, तरी त्याने त्याला मारलं नाही. भाल्यापासून दूर होणं आणि सूड न घेणं, दोन्ही एकाच माणसाने केलं.

घरात मार, धमक्या, सततचा अपमान असेल, तर सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांची मदत घ्या. क्षमा करायला त्याच छताखाली राहावं लागत नाही.

फोनवर लिहिताना

थोडक्यात. रागाचा निरोप लिहून झाला की लगेच पाठवू नका. दुसऱ्या खोलीत जाऊन या. परत येऊन तो त्या माणसासमोर मोठ्याने वाचतो आहोत अशी कल्पना करा. जे तोंडावर बोलवणार नाही ते खोडा. विश्वासाविषयीच्या वादात तर अधिकच जपा. आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला सांगणारं वचन (१ पेत्र ३:१५) ते सौम्यतेने द्या असंही सांगतं, आणि तो अर्धा भाग आपण फार पटकन विसरतो.

चुकल्यावर काय करायचं

चुकाल. मी अजून चुकते. तेव्हा माफी लवकर आणि पूर्ण मागा. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही माफी नाही. काय केलं त्याचं नाव घ्या: “मी सकाळी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले. ते चुकलं. मला क्षमा कर.” पुढे ‘पण’ नको. आईवडिलांनी मुलांची अशी माफी मागितली तर त्यांचा मान कमी होईल अशी भीती वाटते. मी ज्या घरांत हे पाहिलं आहे, तिथे मुलं पुढे आपल्या चुका लपवत नाहीत.

मग स्वतःशीही सौम्य व्हा. १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झालेले फ्रान्सिस दे सेल्स हे या विषयातले मोठे मार्गदर्शक. आपल्या दोषांवर चिडू नये, मनाला शांतपणे, दया ठेवून पुन्हा उभं करावं, असं ते सांगत. स्वतःला झोडपणारा माणूस थोड्याच वेळात दुसऱ्यालाही झोडपतो, हे मी स्वतःत पाहिलं आहे.

पेत्राचं काय झालं तेही आठवा. नव्या करारात कोळशांच्या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द दोनच ठिकाणी येतो. एकदा महायाजकाच्या वाड्यात, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि त्याने प्रभूला नाकारलं. दुसऱ्यांदा योहान २१ मध्ये, समुद्रकाठी पहाटे, प्रभूने स्वतः पेटवलेल्या विस्तवापाशी. त्यावर मासळी होती, भाकर होती. आधी “या, न्याहारी करा.” खाणं झाल्यावर मग तीन वेळा प्रश्न, आणि तिन्ही वेळा सोपवलेलं काम.

रात्रीची दहा मिनिटं

१६व्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचं परीक्षण करायची एक रीत शिकवली. तिची सुरुवात दोषांपासून होत नाही, उपकारस्तुतीपासून होते. क्रम साधा आहे: आज मिळालेल्या चांगल्या गोष्टींबद्दल आभार, स्वतःला नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागणं, दिवस तासातासाने आठवणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवणं. मी आठवताना त्यात एवढंच जोडते: आज माझं जू कुणाला काचलं, आणि आज माझ्याशी कुणी ममतेने वागलं.

उद्याची गोष्ट अगदी हाताने करण्यासारखी ठेवा. माझी बहुतेक रात्री तीच असते. बाबांचा शर्ट काढून वरची दोन सोडून बाकी बटणं आधीच लावून ठेवते, म्हणजे सकाळी तो डोक्यावरून घालता येतो. त्यांच्या पलंगासमोरच्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात वार लिहिते. ते वाचतात आणि तरीही विचारतात, “आज रविवार ना?” मी सांगते, “आज गुरुवार, बाबा. रविवारी पुढच्या बाकावर बसू, मी लवकर नेईन तुम्हाला.” मग ते वरची दोन बटणं स्वतः लावतात. वेळ लागतो. मी बाजूला बसून थांबते.